‘ती.’चं ‘कै.’ होतं तेव्हा

(नौपाड्यातल्या एका वाचक मंडळासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मला ४५ मिनिटं दिली होती. त्यातली १५ प्रास्ताविकात गेली. तक्रार नाही, माझं कौतुकच चाललं होतं. मागणी माझी एकच आहे: पुस्तकांतून नाहीसं झालेलं शुद्धिपत्र, ते चुकांच्या दुरुस्त्यांचं पान, परत आणा. तिच्याकडे येतोच. पण आधी पहिल्या रांगेत, पंख्याखाली बसलेल्या बाईंची ओळख करून देतो. ही माझी आई. वय ८८. आणि माझ्या पहिल्या पुस्तकाप्रमाणे ती २०११ सालीच गेलेली आहे.

पुस्तक छोटंसं होतं, आपल्या ठाण्यातल्या तलावांवरचं. अर्पणपत्रिकेत मी लिहिलं होतं, ‘ती. आईस’. छापून आलं, ‘कै. आईस’. मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, मी तीनदा वाचली होती. मासुंदा तलावाच्या प्रकरणातला एक अनुस्वार मी चष्मा पुसून पुसून शोधून काढला. पण अर्पणपत्रिका कोण वाचतं? आपली आई आपल्याला पाठ असते, तिथे डोळा थांबतच नाही. माझ्या अक्षरातला ‘ती’ ‘कै’सारखा दिसला असेल, अशी बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घातली. आता वाटतं, कारण साधं असावं. अर्पणपत्रिकेतली आई बहुतेक वेळा कैलासवासीच असते. हात सवयीने गेला.

मग फोन सुरू झाले. बदलापूरची एक नातेवाईक फोनवर हुंदके देत होती, आणि फोन उचलला होता आईनेच. म्हणाली, “अगं, मीच बोलतेय. वरून नाही, चरईतून.” प्रकाशकांना मी तावातावाने गाठलं. ते शांतपणे म्हणाले, “पाचशे प्रतींत एक अक्षर, सर. दुसऱ्या आवृत्तीत बघू.” घरी येऊन सांगितलं, तर आई म्हणाली, “बरं. मग दुसऱ्या आवृत्तीपर्यंत थांबते.” आणि तिने बॉलपेन काढलं. घरात आलेल्या सगळ्या प्रती तिने बसून दुरुस्त केल्या. पुढे भेट म्हणून प्रत मिळालेला कोणी घरी आला, की चहाआधी विचारायची, “पुस्तक आणलंय का?” स्वतःच्या हाताने स्वतःला जिवंत करणारी वाचक मी दुसरी पाहिलेली नाही.

दुसरी आवृत्ती अजून यायची आहे. त्यामुळे हीसुद्धा आहे. (हशा)

पेनावरून आठवलं. एका ग्रंथालयातून आणलेल्या कादंबरीत कोणीतरी पेन्सिलीने ‘गुरू’चा ‘गुरु’ केला होता. दुसऱ्याने निळ्या शाईने तो पुन्हा दीर्घ करून समासात लिहिलं, ‘महामंडळाचे नियम वाचा.’ पेन्सिलवाले पुस्तक परत घेऊन गेले असणार, कारण खाली उत्तर होतं: ‘आपण संस्कृत वाचा.’ आणि पान उलटल्यावर तिसऱ्या हस्ताक्षरात: ‘दोघांनीही कादंबरी वाचा.’ मी त्या तिसऱ्या माणसाच्या शोधात आहे. इथे असतील तर त्यांनी हात वर करू नये, दंड होईल.

पण त्या दोघांची चीड खोटी नव्हती. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२चे, आणखी ४ आले १९७२ला. त्याआधी शाळा शिकलेल्यांच्या पाटीवर ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ होतं. त्यांना शुद्ध म्हणून शिकवलेलं एका पिढीत अशुद्ध झालं. म्हणून मी म्हणतो, नियमांचा वाद वेगळा आणि बेफिकिरी वेगळी. ‘गुरु’ छापलं तर मी भांडेन, पण झोपेन. जिथे ‘त्यांनी’ हवं तिथे ‘त्यानी’ छापलं की मात्र झोप उडते. आपल्या भाषेत मान एका टिंबावर उभा असतो. चरित्रनायक आजोबा एका पानात चार वेळा एकवचनी होतात, तेव्हा नातवाला ते टोचतं, आणि टोचायलाच हवं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

तर मुद्दा. चुका आजच वाढल्यात असं समजू नका. १६३१ साली लंडनला छापलेल्या एका बायबलात दहा आज्ञांपैकी एकीतला नकार गळाला आणि देवाने व्यभिचाराची आज्ञाच दिली. मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला. खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, हाताने जुळवण्याच्या काळात शेजारच्या खणातला खिळा हातात यायचा. आता खिळे गेले, पण जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार उडी मारतो, ‘सर्व’चं ‘सवर्’ होतं. आणि मुद्रितशोधक? त्याचे पैसे पानावर मोजायचे, पान वाचायला किती वेळ लागला ते कोणी विचारत नाही. त्यात घाई. पुस्तक प्रकाशन समारंभाच्या आदल्या रात्री बांधून येतं, ओल्या डिंकाचा वास येतो.

आणखी एक चिठ्ठी. ही आईची दिसतेय. ‘आवर.’

आवरतो. जुन्या पुस्तकांत शेवटी एक पान असायचं: पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. त्या पानाच्या मथळ्यातच ‘शुद्धीपत्र’ असा दीर्घ छापलेला मी पाहिलाय, तरी मला ते आवडतं. ‘आमचं चुकलं, तुम्ही नीट करून घ्या,’ असं वाचकाला घरच्यासारखं सांगणारं पान होतं ते. चूक दिसली की वाचकाला वाटतं, आपण पैसे दिले, वेळ दिला, आणि यांनी स्वतः एकदा वाचलंही नाही. ती चीड कमी करायला एक सुटी चिठ्ठीही पुरते, पानभर लांबीची, पुस्तकात सरकवलेली. छपाई पुन्हा करावी लागत नाही. माझ्या प्रकाशकांनी तेवढी टाकली असती, तर आईचं एक बॉलपेन वाचलं असतं.

प्रश्नोत्तरांना वेळ नाही, चहा बाहेर आहे. कोणाकडे ते तलावांचं पुस्तक असेल तर पहिल्या रांगेत जा. पेन तिच्याकडे आहे.