सात मिनिटं कुणाच्या अंड्याची?

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मी काही शेफ नाही. मी पंप डिझाइन करणारा माणूस, तोक्योत तीन वर्षं एकटा होतो म्हणून स्वयंपाक शिकलो, म्हणजे शिकावाच लागला. आयोजकांनी मला विषय दिला होता जपानी खाद्यसंस्कृती. आता पाऊण तासात खाद्यसंस्कृती कशी व्हायची, पाऊण तासात एक अंडं होतं, तेही नीट लक्ष दिलं तर. म्हणून ही शेगडी, हे पातेलं आणि हा वजनकाटा घेऊन आलोय. आणि हा डबा दिसतोय ना, त्यात काल रात्री दहाला टाकलेली आठ अंडी आहेत, ती शेवटी कापू, आत्ता कुणी झाकण उघडू नका.

तर अजित्सुके तामागो, म्हणजे चव लावलेलं अंडं. रोजच्या बोलण्यात एवढं लांब कोण म्हणणार, अजितामा म्हणतात. मी फोनवर सांगायचो की आज जेवायला अजितामा होतं, तर आईला बरेच दिवस वाटत होतं की माझ्या ऑफिसातला कुणी अजितमामा जेवायला येतो, एकदा म्हणालीसुद्धा, अरे रोज काय येतो तो, त्याला घरदार नाही का. (हशा)

मी राहायचो तोक्योतल्या निशिकासाई भागात, तिथे आपली भारतीय मंडळी खूप, डाळतांदूळ सगळं मिळतं. पण ऑफिसातून येताना भूक लागलेली असायची आणि वाटेत रामेनचं, म्हणजे सूपातल्या जपानी नूडल्सचं, दुकान. दारातच मशीन असतं, पैसे टाका, बटण दाबा, चिठ्ठी येते ती काउंटरवर द्या. रामेनचं बटण मोठं आणि खाली टॉपिंगची छोटी छोटी बटणं, त्यातलं एक अजितामा, शंभर-दीडशे येन जादा. पहिल्यांदा मी ते चुकून दाबलं. वाडग्यात अर्धं कापलेलं अंडं आलं, पांढऱ्याची कड चहात बुडवल्यासारखी तांबूस, आणि बलक म्हणजे कडेने पेढ्याच्या मिश्रणासारखा घट्ट आणि मधोमध मधासारखा, वाहत नाही पण स्थिरही नाही. माझ्या मनात पहिला विचार आला, हे कच्चट राहिलंय.

कारण आपल्याकडे उकडलेलं अंडं म्हणजे काय, तर दगड. अंडा करीत टाकायचं, फुटता कामा नये. आमच्याकडे तर अंड्याचं पातेलं वेगळं, ते ओट्यावर नाही, मागच्या बाल्कनीत, आणि तिथल्या शेगडीवर अंडी वीस मिनिटं रटरटायची कारण आत येऊन घड्याळ बघायचा सगळ्यांना कंटाळा. सोललं की बलकाभोवती ती हिरवट-काळपट रिंग. ती रिंग लहानपणी मला अंड्याचा भागच वाटायची. प्रत्यक्षात पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह, जास्त उकडलं की दोघं भेटतात आणि तो रंग येतो. विषारी वगैरे काही नाही, फक्त वेळ चुकल्याची पावती आहे.

बरं, परत आलो पुण्याला. म्हटलं घरच्यांना अजितामा खिलवू. जपानी रेसिपी समोर, त्यात लिहिलेलं, उकळत्या पाण्यात सात मिनिटं. मी घड्याळ लावून बरोब्बर सात मिनिटं केलं, गार पाण्यात टाकलं, सोललं, रात्रभर मुरवलं, सकाळी कापलं तर आत दगड. अगदी बाल्कनीतला नाही पण दगडच. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, तुझ्या जपानी घड्याळात काहीतरी गडबड आहे. घड्याळ नीट होतं हो, अंडं वेगळं होतं.

हे बघा, मी आज सकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणलेलं अंडं काट्यावर ठेवतो. किती? ५१ ग्रॅम. हे दुसरं, ५४. आपल्याकडे अ‍ॅगमार्कच्या प्रतवारीत ५३ ते ५९ ग्रॅमचं अंडं लार्ज म्हणतात, त्याखाली ४५ ते ५२ मीडियम. जपानात एम म्हणजे ५८ ते ६४ आणि एल म्हणजे ६४ ते ७०. म्हणजे त्यांचं मीडियम आपल्या लार्जच्या डोक्यावर बसतं. आणि तिथली रेसिपी लिहिणारा माणूस बहुतेकदा एम नाहीतर एल अंडं धरून लिहितो, तेही फ्रिजमधून थेट काढलेलं. माझं अंडं होतं पन्नास-बावन ग्रॅमचं आणि एप्रिल महिन्यात ओट्यावर पडलेलं, म्हणजे आतून तीस अंशावर. उष्णता बाहेरून आत जाणार, अंतर कमी, सुरुवातच पंचवीस अंश वरून, मग सात मिनिटांत दगड होईल नाही तर काय होईल. मी पंपवाला माणूस, उष्णता कशी वाहते हे मला कॉलेजात शिकवलेलं, पण स्वयंपाकघरात शिरलं की डोकं बाहेर ठेवून जातो आपण.

हां, आणि कुणीतरी विचारणारच म्हणून सांगतो, उंचीचाही फरक पडतो, पण पुण्यात थोडाच. आपण साधारण ५६० मीटरवर, पाणी ९८ ला उकळतं. महाबळेश्वरला गेलात तर ९५-९६ च्या आसपास, तिथे मात्र अर्धं मिनिट जास्त द्या.

तर माझा हिशोब, पुण्यातलं ५२-५४ ग्रॅमचं अंडं: फ्रिजमधलं असेल तर सव्वासहा मिनिटं, बाहेरचं असेल तर साडेपाच. पण हे माझं पातेलं, माझा गॅस. तुम्ही पहिल्या दिवशी चार अंडी घ्या, पाच, साडेपाच, सहा, साडेसहा अशी एकेक बाहेर काढा, सालीवर पेन्सिलने वेळ लिहा आणि कापून बघा. चार अंडी खर्ची पडतील, पडू देत, त्यांची भुर्जी होतेच. पण त्यानंतर तुम्हाला तुमचा आकडा मिळतो आणि मग कुठलीही रेसिपी वाचायची गरज नाही. आणि अंडी कायम फ्रिजमधलीच घ्या, म्हणजे मे आणि डिसेंबर सारखाच.

आता सोलणं. इथे सगळ्यांचं रक्त आटतं. कालची ताजी अंडी आणून सोलायला गेलात तर सालीबरोबर अर्धं पांढरं निघून येतं, चंद्रावरचे खड्डे. याचं कारण असं की ताज्या अंड्यात कार्बन डायऑक्साइड असतो, तो सालीच्या बारीक छिद्रांतून हळूहळू निघून जातो, तसतसं पांढरं जास्त अल्कधर्मी होत जातं आणि आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतं. म्हणून आठवडाभर फ्रिजमध्ये पडलेलं अंडं बरं. स्वयंपाकात शिळ्याचा मान राखावा अशा ज्या दोन-चार गोष्टी आहेत, फोडणीचा भात वगैरे, त्यातली ही एक. दुसरं म्हणजे गार पाण्यात अंडी टाकून गॅस लावायचा नाही, पाणी आधी खळखळ उकळू द्यायचं आणि मग अंडी अलगद झाऱ्याने सोडायची. बाहेरचं पांढरं झटकन आवळतं, चिकटत नाही. तडकू नये म्हणून बोथट टोकाला टाचणीने भोक पाडतात, तिथे हवेची पोकळी असते ती वाट काढते. जपानात याचं एक छोटं यंत्र शंभर येनच्या दुकानात मिळतं, मी आणलंय, पण खरं सांगू का, टाचणी पुरते.

पहिली दोन मिनिटं अंडी पाण्यात हलकी फिरवत राहायची, बलक मधोमध बसतो. फिरवली नाहीत तर बलक एका कडेला जातो आणि सोलताना तिथलं पांढरं फाटतं. मग वेळ झाली की बर्फाच्या पाण्यात, चांगली दहा मिनिटं. नळाच्या पाण्यात नको, आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी काय असतं माहितीये ना, त्यात अंडं शिजतच राहील.

सोया सॉसबद्दल थोडा राग आहे तो काढून घेतो. जपानी शोयु म्हणजे सोयाबीन आणि गहू, त्यावर कोजी नावाची बुरशी चढवायची, मिठाच्या पाण्यात कित्येक महिने आंबवायचं. तोक्योशेजारी चिबामध्ये नोदा नावाचं गाव आहे, सोया सॉससाठीच प्रसिद्ध. आणि आपण नूडल्ससाठी आणतो त्या स्वस्त काळ्याकुट्ट बाटलीचं लेबल जरा वाचा, बऱ्याचदा पाणी, मीठ, साखर, कॅरॅमल कलर आणि वर अ‍ॅसिड. त्यात अंडं मुरवलं की रंग झकास येतो आणि चव व्हिनेगरची. नॅचरली ब्रूड लिहिलेली बाटली घ्या, महाग आहे, पण सहा अंड्यांना लागतो किती, ८० मिली.

प्रमाण सांगतो, लिहायचं तर लिहा. ८० मिली शोयु, १६० मिली पाणी, ८० मिली मिरिन. मिरिन ही गोड तांदळाची दारू आहे, खरी असेल तर १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, म्हणून सगळं एकत्र दोन मिनिटं उकळायचं, वास उडतो, आणि पूर्ण गार करायचं. गरम पाण्यात अंडी टाकलीत तर तुमच्या साडेपाच मिनिटांना काही अर्थ राहिला नाही. मिरिन नसेल तर दोन मोठे चमचे साखर आणि थोडं जास्त पाणी. एका काकूंनी मला गूळ सुचवला, करून पाहिला, वाईट नाही, पण मग ते आमटीकडे झुकतं. अंडी साली काढून त्यात बुडवायची आणि ती तरंगतात, वरचं टोक पांढरं राहतं, तर वरून एक टिश्यू पेपर ओला करून पसरायचा, तो पाणी शोषून वरच्या बाजूलाही देत राहतो. किंवा झिपची पिशवी, हवा काढून, निम्म्या सॉसमध्ये काम होतं.

आता आत काय होतं. आपल्याकडे शब्दच आहे, मुरणं. मीठ लहान, ते पांढऱ्यातून वाट काढत बलकापर्यंत पोचतं आणि तिथलं पाणी ओढून घेतं, म्हणून बलक दाट, मऊ, पेढ्यासारखा होतो. पण सोयाचा रंग ज्या मोठ्या रेणूंमुळे येतो ते एवढे आत जात नाहीत, म्हणून रंग कडेलाच. रंग बघून मुरलं की नाही ठरवू नका. सहा-आठ तासांत खाण्यासारखं होतं, बारा तास उत्तम, दोन दिवसांपुढे पांढरं रबरासारखं चिवट होतं. लोणच्यासारखं जितकं जुनं तितकं चांगलं, असं इथे नाही.

कोरियात याचा भाऊ आहे, मायाक ग्येरान. मायाक म्हणजे अंमली पदार्थ, सुटत नाही म्हणून हे नाव. सोया, पाणी, साखर आणि त्यात कच्चा कांदा, लसूण, हिरवी मिरची, वर भाजलेले तीळ. गरम भातावर अंडं फोडायचं, दोन चमचे ते पाणी आणि थोडं तिळाचं तेल. आमच्या मुलीचं मत असं की हे जपानी अंड्यापेक्षा भारी आहे, आणि लसूण-मिरची बघितल्यावर मी तरी कशाला भांडू. चीन-तैवानमध्ये चहातली अंडी, साल नुसती तडकवायची, काढायची नाही, आणि चहा, सोया, चक्रीफुलात तासन्‌तास मंद ठेवायची, सोलल्यावर संगमरवरासारखी नक्षी. तैवानच्या कुठल्याही छोट्या चोवीस तासवाल्या दुकानात शिरलात की आधी तो वास येतो, आणि आपल्याला घरी गोडा मसाला भाजतात त्याची आठवण येते, बाद्यान, म्हणजे तेच चक्रीफूल, दोन्हीकडे आहे.

एक गोष्ट गंभीरपणे. जपानात अंडी कच्ची खाणार हे धरून सगळी साखळी चालते, धुणं, तपासणं, पॅकवर कच्चं खाण्याची शेवटची तारीख. आपल्या वाण्याकडे असं काही नसतं, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंचा धोका खरा आहे. त्यामुळे घरात लहान मूल, गरोदर बाई, वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर त्यांच्यासाठी अंडं दहा-अकरा मिनिटं पूर्ण उकडा आणि मग मुरवा. चव छानच लागते, माझे वडील तेच खातात. मुरवणं फ्रिजमध्येच, दोन दिवसांत संपवायचं. उरलेलं पाणी पुन्हा अंड्यांना वापरू नका, उकळून फ्राइड राइसमध्ये घाला.

चला, डबा. सुरी नको, सुरीला बलक चिकटतो आणि सगळा चेहरा बिघडतो. हा शिवणाचा साधा दोरा, एक टोक दातात, अंडं दोऱ्याखाली, आणि असं सरळ ओढायचं. बघा. कड घट्ट, मधलं... हं, मधलं जरा पुढे गेलंय. काल अंडी फ्रिजमधून काढून ठेवली आणि मध्येच फोन आला, वीस मिनिटं बाहेर राहिली. आज रात्री वीस सेकंद कमी. ही प्लेट मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, आणि ज्यांचा गुरुवार आहे त्यांनी नुसती पुढे सरकवा.