मूत्राशयात किती उरलं? त्रिमितीय सोनोग्राफीचं माप

(कोल्हापुरात सोनोग्राफी करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, मूत्राशयात किती लघवी आहे हे काढायला रोजच्या कामात आपण त्याची लांबी, रुंदी आणि उंची घेतो, तिन्हींचा गुणाकार करतो आणि त्याला ०.५२ नं गुणतो. हा आकडा म्हणजे पाय (गणितातला π) भागिले सहा. तो खरा ठरतो फक्त लंबगोलाला. पण अर्धवट भरलेलं मूत्राशय चपटं किंवा तिकोनी असतं, कुणाचं चक्क चौकोनी दिसतं. समजा मापं आली ७, ८ आणि ६ सेंमी. ०.५२ धरलं तर १७५ मिली. चौकोनी आकारासाठी सुचवलेला ०.८९ लावला तर २९९. रुग्ण तोच, मापंही तीच!

त्रिमितीय तंत्र आकार गृहीत धरत नाही, एवढाच त्याचा खरा फायदा. बाकीच्या चुका आपल्याच हातात राहतात.

रुग्णाला उताणं झोपवा. व्हॉल्यूम प्रोब (त्रिमितीय प्रतिमा घेणारा प्रोब) जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या खालच्या टोकाच्या हाडाच्या, लगेच वर ठेवून किंचित पायांकडे झुकवा. हाडाची सावली मूत्राशयाच्या मानेवर पडत असेल तर आधी कोन बदला, कारण जे दिसलंच नाही ते कुठलंच सॉफ्टवेअर मोजणार नाही. मूत्राशय दोन्ही टोकांना चौकटीच्या आत हवं. मग काही सेकंद श्वास रोखायला सांगून व्हॉल्यूम, म्हणजे त्रिमितीय प्रतिमा, घ्या. पुढं प्रतिमा अक्षाभोवती फिरवत कडा आखायची: ३० अंशांच्या टप्प्यानं ६ छेद मिळतात, १५ अंशांनी १२, ६ अंशांनी ३०. गुळगुळीत मूत्राशयाला १५ अंशांचा टप्पा पुरतो. भिंतीला पिशवीसारखा फुगवटा असेल तर टप्पा लहान घ्या.

आखणी भिंतीच्या आतल्या कडेवरच. इथं थोडं थांबू या. आतून ८ सेंमी व्यासाच्या गोलात २६८ मिली मावतात. ३ मिमी जाडीची भिंत धरून बाहेरून आखलं तर ३३३ होतात. लघवीनंतरचं मूत्राशय लहान आणि भिंत जाड, तिथं तर फसगतच: आतला व्यास ४ सेंमी असेल तर ३४ मिली, ५ मिमी भिंतीसकट ६५. म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि शिल्लक लघवीचा (लघवी केल्यावरही आत उरलेल्या लघवीचा) निर्णय नेमका याच आकड्यांवर व्हायचा असतो. गेन, म्हणजे परत आलेल्या ध्वनीची मशिननं केलेली वाढ, जास्त ठेवलात तर पुढच्या भिंतीपाशी खोटे प्रतिध्वनी येतात आणि आपोआप आखणारं सॉफ्टवेअर कडा आत ओढतं. प्रोस्टेटचा आत आलेला भाग आणि कॅथेटरचा फुगा हातानं वगळावा लागतो. वॉर्डातल्या छोट्या ब्लॅडर स्कॅनरवर आणखी जपा; पोटातलं पाणी किंवा अंडाशयाची गाठसुद्धा तो लघवी म्हणून मोजून टाकतो.

मशिन तपासायला पातळ फुग्यात ३०० मिली पाणी भरून तो टबात बुडवा. मशिन ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतं, २५ अंशांच्या साध्या पाण्यात तो सुमारे १४९७ असतो. त्यामुळं खोली साधारण ३ टक्के जास्त दिसते. तो दोष पाण्याचा, मशिनचा नव्हे.

आता वेळ. चंदगड-गडहिंग्लजहून एसटीनं दोन-तीन तास लघवी धरून आलेल्या माणसाचं मूत्राशय इतकं ताणलेलं असतं की एका दमात ते रिकामं होत नाही. त्याच्यावर मोठ्या शिल्लकीचा शिक्का मारू नका. त्याला लघवी करून येऊ द्या, मूत्राशय बेतानं भरू द्या, मग लघवीच्या आधी आणि नंतर मोजा. लघवीनंतर दहा मिनिटांच्या आत स्कॅन झाला पाहिजे. तांब्याभर पाणी पिऊन बसलेल्या रुग्णाचं मूत्राशय भराभर भरतं आणि ती नवी लघवीच तुम्ही शिल्लक म्हणून लिहून बसता.

पडताळा जवळच आहे. लघवी मापाच्या भांड्यात घ्या. लघवीआधी स्कॅनमध्ये ४२० मिली दिसली आणि भांड्यात ३५० आली, तर शिल्लक ७० च्या आसपास हवी. लघवीनंतरचा स्कॅन १४० सांगत असेल तर दोन्ही व्हॉल्यूम उघडून आखणी पुन्हा पाहा, आणि भांड्याबाहेर काही सांडलं का तेही विचारा. रिपोर्टात लघवीआधीचा, भांड्यातला आणि लघवीनंतरचा असे तिन्ही आकडे, पद्धत आणि लघवीनंतर किती मिनिटांनी मोजलं ते लिहा.