दक्षिणेचं नाव, सातपुड्याची भाषा

(दृश्य : नागपूर, महाल. सकाळची वर्दळ.)

मुंड, नालुंग. गोंडीत तीन, चार. तेलुगूत मूडु, नालुगु. हाताला गोंडीत कै म्हणतात. तमिळ आणि कन्नडमध्येही कैच.

१७०२ साली देवगडच्या बख्त बुलंद शाहने हे नागपूर वसवलं. त्या गोंड राजाच्या लोकांची भाषा मराठीची नव्हे, तमिळ-तेलुगूची नातलग. या कुळाला इंग्रजीत म्हणतात ड्राव्हिडियन.

(दृश्य : ताडपत्रावरची जुनी अक्षरं.)

हे विशेषण भाषाकुळासाठी रूढ केलं रॉबर्ट कॉल्डवेल या मिशनऱ्याने, १८५६ च्या आपल्या तौलनिक व्याकरणात. शब्द संस्कृतातला. द्रविड हा देश. त्याचं ते द्राविड, पहिल्या स्वराची वृद्धी होऊन, म्हणजे अ चा आ होऊन. म्हणजे विशेषण तयारच होतं, कॉल्डवेलने त्याला आणखी एक इंग्रजी प्रत्यय जोडला. आपणही तेच करतो की! द्राविडला ई लावून द्राविडी म्हणतो, आणि सरळ नाक न धरता डोक्यामागून हात नेला की द्राविडी प्राणायाम.

मग द्रविड कुठून आला? पालीत तमिळ लोकांसाठी दमिळ हा शब्द आहे. कॉल्डवेलला वाटलं, द्रविडवरून तमिळ झालं. आज बहुतेक अभ्यासक उलट मानतात : तमिळ हे मूळ नाव, संस्कृतात जाताना त्याचं द्रविड झालं. मला हेच पटतं. लोकांनी स्वतःला दिलेलं नाव आधीचं असणार.

आणि जुन्या पंचद्रविडांत, म्हणजे ब्राह्मणांच्या पाच दक्षिणी गटांत, तर महाराष्ट्रही येतो, गुजरातही. तिथे कसोटी भाषेची नव्हती, विंध्याच्या दक्षिणेची होती.

(दृश्य : सिव्हिल लाइन्स, हिस्लॉप कॉलेज.)

कॉल्डवेलच्या ग्रंथाच्या नावातच 'द्राविडी किंवा दक्षिण भारतीय' असं आहे. तरी त्याच्या यादीत गोंडी होती, जी सातपुड्यात, नर्मदेच्या खोऱ्यापर्यंत बोलली जाते. दक्षिणेचं नाव तिथवर कसं पुरणार?

त्याच काळात नागपुरात स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी गोंडांच्या कथा आणि शब्द टिपून घेत होता. १८६३ मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना तो पुरात बुडाला. त्याची टिपणं रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने १८६६ मध्ये छापली. गोंडांच्या लिंगो या आद्यपुरुषाची कथा त्यांतच आहे.

(दृश्य : गोंडी बोलणारी एक आजी, नातवाला मोजायला शिकवताना.)

ही माणसं स्वतःला कोइतूर म्हणतात.