गाडीची हिशेबपट्टी

(दृश्य: डिसेंबरची सकाळ, दारव्हा तालुका. जिनिंगच्या फाटकाबाहेर कापूस भरलेल्या गाड्यांची रांग.)

कापूस विकून कास्तकार घरी येतो तेव्हा त्याच्या खिशात एक कागद असतो. हिशेबपट्टी. वजन किती भरलं, भाव काय लागला, हमाली किती, तोलाई किती, सगळं एकाखाली एक. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावाही मोजतात. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढच्या प्रत्येक टक्क्याला कपात, आणि 12 च्या वर गेला तर माल घेतच नाहीत. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. त्या भावात कास्तकाराचं भागतं का, हा वेगळा विषय आहे, त्यावर एक अख्खी फिल्म होईल. पण कापलेला रुपया कशापायी कापला, हे निदान त्या कागदावर वाचता येतं.

माझ्या बाबांकडे अशा पट्ट्यांचा गठ्ठा आहे. सातबाऱ्यासोबत, एकाच थैलीत ठेवलेला.

मागच्या हंगामात त्याच कापसाच्या पैशात कर्जाची भर घालून आम्ही गाडी घेतली. घरातली पहिली चारचाकी. तिचा असा एक कागद मिळवायला आम्हाला शहरात तीन चकरा माराव्या लागल्या.

(दृश्य: दारव्हा मोतीबाग स्टेशन. रुळांमध्ये वाढलेलं गवत.)

गाडी हौसेची नव्हती. आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, यवतमाळला. जाताना ती एसटीत कशीबशी बसते, येताना तिला बसवत नाही. शकुंतला रेल्वे केव्हाच बंद पडली. आणि गावात रात्री-बेरात्री दुखणं निघालं की ज्याच्या अंगणात चारचाकी उभी आहे त्याच्या दारात जाऊन हाका माराव्या लागतात. लोक येतात, कुणी नाही म्हणत नाही. पण आठवड्यातून दोनदा कुणाला उठवणार?

22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. वरचा उपकरही गेला. टीव्हीवर ते ऐकून बाबांनी हिय्या केला.

(दृश्य: शोरूमचं काचेचं दार, आतून.)

बाबांनी दारातच चपला काढल्या. आतला पोरगा लगबगीनं आला, म्हणाला, "काका, घालूनच या." चांगला वागला. थंड पाणी आणलं, चहा सांगितला.

बाबांनी विचारलं, "भाऊ, हे गाडी कितीले पडते?"

"काका, बजेट किती आहे?"

बाबांनी पुन्हा विचारलं. त्यावर, जुनी गाडी द्यायची आहे का? पुन्हा विचारलं. फायनान्स करायचं आहे का? चौथ्यांदा विचारल्यावर, "साडेसहापासून सुरू आहे काका, तुम्ही आधी बसून तर बघा."

परत येताना एसटीत बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मले तं हे कयत नाई, भाव इचारला का हे लोक चहा काहून आनतेत?"

(दृश्य: व्हिजिटिंग कार्डाची मागची बाजू. निळ्या शाईत एकच आकडा.)

दुसऱ्या चकरेत हे कार्ड मिळालं. त्यावर 8,04,000. साडेसहा लाख ही शोरूमची किंमत, आणि हा म्हणे रस्त्यावर येईपर्यंतचा आकडा. मधले दीड लाखावर रुपये कशाचे? "आरटीओ, इन्शुरन्स, बाकी चार्जेस. सगळं त्यातच आलं काका." बाबांनी एक-एक लिहून मागितलं तर उत्तर आलं, सिस्टीम बंद आहे. तिसऱ्या चकरेत मी हट्टानं बसून राहिले, तेव्हा कुठं छापील कागद आला. तो मी तुम्हाला ओळीओळीनं दाखवते. कारण गाडी कोणत्याही कंपनीची असो, ओळी थोड्याफार फरकानं याच असतात.

पहिली ओळ, आरटीओ: 86,000. आता महाराष्ट्रात 10 लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला, स्वतःच्या नावावर घेतली तर, एकरकमी वाहन कर 11 टक्के. साडेसहा लाखांवर होतात 71,500. नोंदणीचे 600. कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवायचे 1,500. त्यात उपकर, स्मार्ट कार्ड असली किरकोळ भर. पुढं पासिंग झाल्यावर आम्ही सरकारी पावती काढून घेतली, ती 75 हजारांच्या घरातली होती. वरचे 11 हजार सरकारात गेलेच नाहीत. "आरटीओ" हा शब्द पाहिला की माणूस प्रश्न विचारत नाही. सरकारी पैसा आहे, द्यावाच लागेल, असं वाटतं. नेमकं तिथंच फसतो. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही या ओळीत जोडून सांगतात. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाडीला ती कंपनीनंच डीलरमार्फत द्यायची आहे.

दुसरी ओळ, विमा: 38,000. यातला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देण्याचा, भाग देशभर एकच असतो. 1 जून 2022 पासूनच्या दरांत 1,000 ते 1,500 सीसीच्या नव्या गाडीला तीन वर्षांचे 10,640 रुपये, वर जीएसटी. तो कुणी कमी करू शकत नाही, वाढवूही शकत नाही. घासाघीस होते ती आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. गावच्या एजंटानं तेवढंच संरक्षण 27 हजारांत देऊ केलं. शोरूमवाले म्हणाले, बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीनं परस्पर भरायची सोय, मिळणार नाही, आणि डिलिव्हरीलाही वेळ लागेल. कॅशलेस हा विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या कराराचा प्रश्न आहे, गाडी कुणी विकली याचा नाही. अमुकच विमा घ्या अशी सक्ती डीलरला करता येत नाही, हे विमा नियामकानं 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत लिहून ठेवलं आहे. मी मोबाईलवर ते उघडून समोर ठेवलं. दहा मिनिटांत विमा 38 वरून 29 हजारांवर आला.

तीच गाडी, तीच पॉलिसी, तोच माणूस. मग ते 9 हजार कशाचे होते? गावात रोजानं कापूस वेचणाऱ्या बाईला तेवढे पैसे जमवायला किती दिवस वाकावं लागतं, हा विचार त्या गार हवेत माझ्या डोक्यातून जाईना.

तिसरी ओळ, हॅन्डलिंग चार्ज: 8,500. गाडी यार्डातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च म्हणे. हा सरकारी कर नाही. पावती मागितली तर दुसऱ्याच नावानं मिळते. चौथी, ॲक्सेसरी किट: 14,000. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर. हीच मॅट यवतमाळच्या दुकानात कितीला मिळते ते विचारून या, मग सही करा. पाचवी, कोटिंग: 7,500. काळ्या मातीच्या पांदणीतून जाणाऱ्या गाडीला खालून कोटिंग लागेलही, त्याबद्दल माझा वाद नाही. पण ते आम्ही मागितलं नव्हतं. नको म्हटल्यावर कळलं की गाडी "किटसहितच" लवकर मिळते, बिनकिटाची घ्यायची तर तीन महिने थांबा.

(दृश्य: सह्यांसाठी फुल्या मारलेल्या कागदांचा गठ्ठा.)

कर्जाचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, कारण खरी जखम तिथं होते. बाबांचं पीककर्ज मधल्या काळात थकलं होतं. माफी होईल या आशेवर अर्ध्या गावानं भरलं नव्हतं, त्यांच्यातच बाबा. त्यामुळं सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा आकडा, पडलं, बँकेनं नाही म्हटलं. मग शोरूममधल्याच टेबलावरचा फायनान्सवाला उरला. व्याज काय? "फक्त 7 टक्के, फ्लॅट."

फ्लॅट या शब्दावर थांबा. 5 लाखांवर 7 टक्के म्हणजे वर्षाला 35 हजार, पाच वर्षांचे 1 लाख 75 हजार. एकूण 6 लाख 75 हजार भागिले 60 महिने. हप्ता 11,250. हिशेब सरळ दिसतो. पण पहिल्या हप्त्यापासून तुमची मुद्दल घटत असते, आणि व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण 5 लाखांवरच लावलेलं असतं. घटत्या शिल्लकीवर व्याज लावणाऱ्या बँकेत हाच 11,250 चा हप्ता बसतो साडेबारा टक्क्यांना. 7 ऐकून घरी गेलेला माणूस साडेबारा भरतो, आणि पाच वर्षांत त्याला कुणी सांगत नाही.

1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेनं किरकोळ कर्जांना एक तपशीलपत्रक सक्तीचं केलं आहे. त्यावर सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहायचा असतो. आमच्या गठ्ठ्यात ते होतं, पण घाईघाईत मारलेल्या सह्यांच्या खाली कुठंतरी. वर ठेवलं असतं तर बाबांनी वाचलं असतं. ते प्रत्येक कागद वाचतात, बोट फिरवत, हळूहळू. तेवढा वेळ त्यांना दिला नाही.

घाई कशाची होती? गुढीपाडव्याची. मुहूर्त आम्हीच सांगितला होता आणि तीच आमची चूक झाली. घरी आत्याबाई आलेल्या, आईनं ताट तयार ठेवलेलं, गावात सांगून झालेलं. त्या दिवशी सकाळी कोटिंगची ओळ काढा म्हणण्याची ताकद कुठून आणायची? दसरा, दिवाळी, पाडवा, अक्षय तृतीया. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जाऊ शकत नाही असे हे चार दिवस, आणि काउंटरच्या पलीकडच्यांना ते आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आदल्या दिवशी तर, नोंदणी व्हायची असतानाच, "गाडी आजच घेऊन जा, पासिंग मागून होईल" असंही सांगून झालं होतं. बाबा नाही म्हणाले. बरोबर केलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांचा नियम 42 सांगतो की तात्पुरती किंवा कायमची नोंदणी झाल्याशिवाय डीलरनं गाडी ताब्यात द्यायचीच नाही. वाटेत काही झालं असतं तर निस्तरत कोण बसलं असतं?

(दृश्य: अंगण. गाडीवर झेंडूचा हार. आई पाटावर बसली आहे.)

गाडी आली. आई पुढच्या सीटवर बसली, काच वर-खाली करून पाहिली, हसली. तो दिवस चांगला गेला.

आठ दिवसांनी बाबा थैलीत कागद लावत होते. विक्री प्रमाणपत्र, फॉर्म 21. बोट एका ओळीवर थांबलं. उत्पादनाचा महिना: ऑगस्ट 2025. आम्ही जानेवारीत बुकिंग केलं होतं, "तुमची गाडी प्लांटमधून निघाली आहे" असे फोन फेब्रुवारीभर येत होते. गाडी त्याआधीच कुठल्याशा यार्डात पावसाळा काढून उभी होती. उद्या विकायला काढली तर ती एका वर्षानं जुनी धरतील. सूट मागता आली असती. पण पैसे भरण्याआधी फॉर्मवरची ती ओळ पाहायची असते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगते आहे.

त्या पोराला मी नंतर भेटले. आपल्याच भागातला, घरी तीन एकर. तो म्हणाला, "ताई, नुसती गाडी विकून माझं टार्गेट होत नाही. विमा किती, किट किती, लोन किती, यावर महिना ठरतो." त्याच्यावर माझा राग नाही. ज्यानं ते टार्गेट लिहिलं तो आमच्यासमोर कधी आलाच नाही.

तक्रार करता येते. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही दावा लावता येतो. शोरूम नागपूरला असलं तरी यवतमाळात. मुदत दोन वर्षांची. आम्ही अजून लावलेला नाही. बाबा म्हणतात, आधी तुझ्या मायचे दिवस पाहू. थैलीत कागद आहेत, मुदतही आहे.

(दृश्य: दुसऱ्या गावातलं दुसरं शोरूम. कॅमेरा काचेबाहेर.)

मागच्या महिन्यात शेजारच्या काकाजींना गाडी घ्यायची होती. त्यांनी सोबत बाबांना नेलं. बाबांनी चपला काढल्या नाहीत. चहा आला, तो बाजूला सरकवला. पिशवीतून दोनशे पानी वही काढली. घरूनच रेघा मारून आणली होती, डावीकडं नावं, उजवीकडं रिकामे रकाने. शोरूमची किंमत. कर. विमा. बाकीचं. उत्पादनाचा महिना. व्याज, घटत्या शिल्लकीवर.

वही त्यांनी टेबलावर फिरवून त्या पोरासमोर ठेवली.

"भाऊ, इथं लिहून दे. मंग बोलू."

पोरानं पेन उचलला. पहिला रकाना भरला. दुसऱ्यावर थांबला, पेन खाली ठेवला आणि मॅनेजरला विचारायला आत गेला. काकाजी बाबांकडं पाहू लागले. बाबा खुर्चीत मागं टेकून बसले होते, वही उघडीच.