लांबून केलेली चढाई : आनेमिक फान फ्ल्यूटन

(दृश्य : वरून दिसणारा सायकलपटूंचा जथा, सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना मोकळी शेते.)

सायकलच्या रस्ता-शर्यतीत प्रतिस्पर्ध्यांइतकीच झुंज वाऱ्याशी द्यावी लागते. शंभरेक जणींचा जथा एकत्र धावत असतो तेव्हा सर्वांत पुढची वाऱ्याचा मार खाते, आणि तिच्या मागच्या चाकाला चाक भिडवून येणाऱ्या बाकीच्या जणी तिच्या आडोशाने आपली बरीच ताकद राखून ठेवतात. त्यामुळे अनेक शर्यतींचा निकाल शेवटच्या दोनशे मीटरमध्ये लागतो, आणि राखून ठेवलेल्या पायांनी जिला जोराची मुसंडी मारता येते, ती जिंकते. नेदरलँड्सच्या आनेमिक फान फ्ल्यूटनला ही शेवटची मुसंडी कधीच फारशी साधली नाही; शेवटच्या सरळ रस्त्यावर तिला मागे टाकतील अशा मुली जवळपास प्रत्येक संघात होत्या. तिच्यापुढे एकच मार्ग उरत होता, तो म्हणजे शेवट येण्याच्या कितीतरी आधी, एखाद्या चढावर सगळ्यांना सोडून निघून जायचे आणि उरलेले अंतर एकटीने वाऱ्याला तोंड देत कापायचे. तिच्या कारकिर्दीतल्या बहुतेक मोठ्या विजयांचे मूळ या एका उणिवेत आहे.

तिचा जन्म ८ ऑक्टोबर १९८२ रोजीचा. लहानपणी आणि तरुणपणी ती फुटबॉल खेळत असे, घोडेस्वारी करत असे. गुडघ्याच्या दुखापतीमुळे फुटबॉल सुटला आणि तेव्हा सायकल हाती आली. वागेनिंगन विद्यापीठात तिने साथरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि पंचविशीच्या आसपास ती शर्यतींकडे वळली. हे वय किती उशिराचे होते, हे तिच्याच देशातल्या मारियाना फॉसकडे पाहिले की कळते. फॉस वयाने तिच्याहून सुमारे पाच वर्षांनी लहान. पण २००६ साली, एकोणिसाव्या वर्षी, ती रस्ता-शर्यतीची विश्वविजेती झालेली होती. फान फ्ल्यूटन पुढे त्याच फॉसच्या संघात आली. २०११ मध्ये तिने बेल्जियममधली ‘टूर ऑफ फ्लँडर्स’ ही एका दिवसाची शर्यत जिंकली, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फॉसने सुवर्ण जिंकले त्या डच संघातही ती होती. तरीही ती अव्वल मानल्या जाणाऱ्यांच्या एक पायरी खालीच राहिली.

(दृश्य : रिओ दि जानेरो, दाट झाडीतून खाली उतरणारा ओला वळणावळणाचा रस्ता.)

७ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिंपिकच्या महिलांच्या रस्ता-शर्यतीत व्हिस्टा चिनेसाच्या शेवटच्या चढावर फान फ्ल्यूटन आणि अमेरिकेची मारा ॲबट या दोघी बाकीच्यांना सोडून निघाल्या होत्या, आणि उतार लागताच फान फ्ल्यूटनने ॲबटलाही मागे टाकले. आदल्याच दिवशी पुरुषांच्या शर्यतीत आघाडीवर असलेले व्हिन्चेन्झो निबाली आणि सर्जिओ एनाव याच उतारावर कोसळले होते. अंतिम रेषा दहा-बारा किलोमीटरवर आलेली असताना एका उजव्या वळणावर तिची सायकल घसरली, ती डोक्यावर आपटली आणि रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या कठड्यापाशी निपचित पडून राहिली. टीव्हीवर शर्यत पाहणाऱ्या अनेकांना ती जिवंत आहे की नाही, अशी शंका त्या वेळी आली. मेंदूला जबर धक्का बसला होता आणि कमरेच्या तीन मणक्यांना तडे गेले होते. शर्यत मात्र पुढे चालू राहिली. तिच्याच संघातल्या आना फान डर ब्रेगनने सुवर्ण जिंकले, आणि ॲबटला शेवटच्या काहीशे मीटरमध्ये गाठले गेल्याने पदकही मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी रुग्णालयातून फान फ्ल्यूटनने कळवले की ती बरी होईल. पण कारकिर्दीतली सर्वांत चांगली शर्यत अशी संपल्याचे दुःख तिला अधिक होते. या शब्दांकडे लक्ष द्यावे असे मला वाटते. त्या चढावर आपण जगातल्या कोणाहीपेक्षा सरस आहोत, हे तिला पहिल्यांदा त्या दिवशी उमगले होते, आणि पडल्याने ते खोटे ठरणार नव्हते.

महिन्याभरात ती पुन्हा स्पर्धेत उतरली. तिच्या नावावरचे सगळे विश्वविजेतेपद त्यानंतरचे आहे, म्हणजे वयाची तेहतीस वर्षे ओलांडल्यावरचे. २०१७ मध्ये नॉर्वेतील बर्गन येथे आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे ती वैयक्तिक टाइम ट्रायलची विश्वविजेती झाली. टाइम ट्रायलमध्ये प्रत्येक स्पर्धक एकटी सुटते, कोणाचाही आडोसा घेण्याची मुभा नसते आणि फक्त घड्याळ पाहिले जाते; एकटीने वारा कापण्याची सवय झालेल्या पायांना ही परीक्षा मानवणारी होती. उंच डोंगरांतल्या दीर्घ सरावासाठी ती ओळखली जात असे, आणि आपल्या संघाच्या पुरुष सायकलपटूंच्या सराव शिबिरांतही ती त्यांच्याबरोबर चढ चढत असे.

मात्र तिला जी शर्यत शोभली असती, ती शर्यतच त्या वेळी अस्तित्वात नव्हती. पुरुषांची ‘टूर द फ्रान्स’ ही रोज एक टप्पा अशी तीन आठवडे चालणारी शर्यत; फ्रान्समध्ये १९८४ ते १९८९ या काळात महिलांसाठीही अशी ‘टूर’ भरवली गेली, मग ती बंद पडली, आणि नंतर वेगवेगळ्या नावांनी झालेले प्रयत्नही टिकले नाहीत. २०१३ मध्ये फॉस, एमा पूली, कॅथरीन बर्टीन आणि क्रिसी वेलिंग्टन यांनी महिलांच्या टूरची जाहीर मागणी लावून धरली, तेव्हा २०१४ पासून ‘ला कूर्स’ या नावाची बहुधा एका दिवसाचीच शर्यत पदरात पडली. तीन आठवडे पुरुषांनी डोंगर चढायचे आणि महिलांनी एखादी दुपार धावून घरी जायचे, ही वाटणी अन्यायाची होती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्या एका दुपारीतही फान फ्ल्यूटनने काय करून दाखवले ते पाहा. २०१८ मध्ये ल ग्राँ-बोर्नां गावात फान डर ब्रेगन एकटी पुढे होती, अंतिम कमान तिच्या डोळ्यांसमोर होती, आणि मागून दात-ओठ खात आलेल्या फान फ्ल्यूटनने शेवटच्या काही मीटरमध्ये तिला मागे टाकले. फरक होता अवघ्या एका सेकंदाचा.

(दृश्य : यॉर्कशायरमधली हिरवी कुरणे, दगडी कुंपणे, चढावर एकटीच सायकलपटू.)

२०१९ ची जागतिक रस्ता-शर्यत इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डहून हॅरोगेटपर्यंत, सुमारे दीडशे किलोमीटरची होती. लॉफ्टहाउसच्या चढावर, अजून १०५ किलोमीटर बाकी असताना, फान फ्ल्यूटनने जोर लावला आणि मागे पाहिले तर कोणीच नव्हते. जाणकारांच्या हिशेबाने हा वेडेपणा होता, कारण मागे दमदार संघ होते आणि एकटीविरुद्ध आळीपाळीने वारा खाणाऱ्या दहा जणींचे पारडे नेहमी जड असते. पण त्या दहा जणींत दोन-तीन डच होत्या, त्या पाठलागाला हातभार लावणार नव्हत्या, आणि उरलेल्यांचे आपसांत जमेना. ती दोन मिनिटांहून अधिक फरकाने पहिली आली आणि विश्वविजेत्यांची इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी तिच्या अंगावर चढली.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या रस्ता-शर्यतीत हाच डाव दुसरीने तिच्या संघावर उलटवला. ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर ही गणितात डॉक्टरेट केलेली, कोणत्याही व्यावसायिक संघात नसलेली सायकलपटू सुरुवातीलाच काही जणींबरोबर पुढे गेली आणि पुढे एकटी निघाली. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ नसतो, त्यामुळे पुढे कोण आहे हे संघाकडून कळत नाही. शेवटच्या पाचेक किलोमीटरवर तिच्या मागे उरलेल्या दोघींना जथ्याने गाठले, तेव्हा डच संघाला वाटले की आता पुढे कोणी नाही. फान फ्ल्यूटन दोन्ही हात उंचावून रेषा ओलांडते झाली आणि मगच तिला कळले की सुवर्ण सव्वा मिनिटापूर्वीच गेलेले आहे. तीन दिवसांनी, २८ जुलै २०२१ रोजी, फुजी स्पीडवेवरच्या टाइम ट्रायलमध्ये तिने स्वित्झर्लंडच्या मार्लेन रॉयसरला ५६ सेकंदांनी मागे टाकून आपले ऑलिंपिक सुवर्ण मिळवले.

(दृश्य : फ्रान्सचा व्होज पर्वत, घाटाच्या दोन्ही कडांना प्रेक्षकांची दाटी.)

अखेर २०२२ मध्ये महिलांची ‘टूर द फ्रान्स’ आठ टप्प्यांची होऊन परतली, तेव्हा फान फ्ल्यूटन एकोणचाळीस वर्षांची होती. पहिल्या काही दिवसांतच तिचे पोट इतके बिघडले की शर्यत सोडण्याची वेळ आली होती. जेवण जात नव्हते, आणि सायकलच्या शर्यतीत जेवण न जाणे म्हणजे दोन दिवसांत पाय रिकामे होणे. तिने जथ्याच्या आडोशाने ते दिवस कसेबसे काढले आणि सातव्या टप्प्याची वाट पाहिली. सेलेस्टाहून निघालेल्या त्या टप्प्यात तीन मोठे घाट होते. पहिल्याच घाटात, पती बालॉंवर, तिने जोर लावून जथ्याला मागे टाकले. फक्त तिच्याच देशाची डेमी फॉलरिंग तिच्या चाकाला चिकटून राहिली. दुसऱ्या घाटात फॉलरिंगही सुटली. पुढचे साठेक किलोमीटर फान फ्ल्यूटन एकटी होती आणि माथ्यावर पोहोचली तेव्हा फॉलरिंग ३ मिनिटे २६ सेकंद मागे होती. तिच्या सगळ्या विजयांत मला हा सर्वांत मोठा वाटतो, कारण इथे रणनीतीला वाव नव्हता, कोणाची चूक नव्हती, कोणाची मदतही नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला सायकल पुन्हा पुन्हा बदलावी लागली, तरी प्लांश दे बेल फियच्या शेवटच्या खडीच्या रस्त्यावर, एकूण वेळेत आघाडीवर असणारीला मिळणाऱ्या पिवळ्या जर्सीत, तीच पहिली आली आणि टूर तिने जिंकली. त्याच वर्षी इटलीची आणि स्पेनची अशीच टप्प्यांची शर्यतही तिने जिंकली.

सप्टेंबरात ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग येथे जागतिक स्पर्धा होती. मिश्र सांघिक टाइम ट्रायल सुरू होताच काही सेकंदांत ती पडली आणि कोपराचे हाड मोडले. तीन दिवसांनी रस्ता-शर्यतीला ती फॉसची मदतनीस म्हणून उभी राहिली. कोपरामुळे हँडलवर भार देऊन, उभे राहून पेडल मारणे तिला अशक्य झाले होते, म्हणजे चढावर हल्ला करण्याचे तिचे नेहमीचे हत्यारच हाती नव्हते. पावसात शेवटच्या चढावर ती मागे पडली, उतारावर कशीबशी पुढच्या गटाला येऊन मिळाली. तिथे बेल्जियमची लोटे कोपेकीसारखी शेवटच्या मुसंडीत पटाईत सायकलपटू होती. एक किलोमीटरही उरले नव्हते. दमलेल्या सगळ्याजणी एकमेकींकडे पाहत होत्या, आणि त्याच क्षणी गटाच्या मागून, बसूनच पेडल मारत, ती त्यांच्या बाजूने निघून गेली. कोपेकी भानावर येऊन धावली तोवर उशीर झाला होता. जिला शेवटचे काहीशे मीटर कधी जमले नाहीत, तिने दुसरी जागतिक रस्ता-शर्यत तिथेच जिंकली.

पुढचा हंगाम आपला शेवटचा, हे तिने आधीच जाहीर केले होते. २०२३ मध्ये स्पेनची शर्यत तिने फॉलरिंगच्या पुढे नऊ सेकंदांनी जिंकली आणि इटलीची चौथ्यांदा जिंकली. जुलैच्या अखेरीस टूरमध्ये धुक्यात बुडालेल्या तूरमाले घाटावर मात्र फॉलरिंग तिला सोडून एकटी निघून गेली, तिच्याच पद्धतीने, आणि तिला दोन मिनिटांहून अधिक मागे टाकून टूर जिंकली. फान फ्ल्यूटन चौथी आली. सप्टेंबरात मायदेशातल्या सिमॅक लेडीज टूरमध्ये ती शेवटची धावली.