दादरचा पूल आणि स्विंडनचा मुलगा

नमस्कार मंडळी. बोलायचंय एका पुस्तकाबद्दल, पण सुरुवात दादर स्टेशनच्या पुलावरून करते. बरीच वर्षं झाली. संध्याकाळची वेळ, तेव्हा तिथे काय असतं ते तुम्हाला माहितीये, आणि पायऱ्यांच्या मधोमध एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा कान घट्ट दाबून बसलेला, तोंडाने एकसुरी आवाज काढतोय, आई शेजारी उभी पण त्याला हातसुद्धा लावत नाहीये. मला कल्याण फास्ट पकडायची होती. जाता जाता बोलले, चांगलं ऐकू जाईल असं, "लाडावून ठेवलंय नुसतं." आईने वर बघितलंही नाही. सवय असणार.

नंतर कधीतरी हातात मार्क हॅडनची कादंबरी आली, 'द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम', 2003 सालची. उघडली तर पहिल्याच प्रकरणाचा नंबर 2. मी सोसायटीचं वाचनालय बघते त्यामुळे मला वाटलं झालं, पानं गळाली. मग 3, 5, 7, 11. गोष्ट सांगणारा क्रिस्टोफर, वय 15, राहणार इंग्लंडमधलं स्विंडन, याला मूळ संख्या आवडतात म्हणून सगळी प्रकरणं तशीच, शेवटचं 233. शेजारणीचा कुत्रा कुणीतरी बागेतला काटा खुपसून मारलाय आणि हा त्याचा तपास करतोय.

सुरुवातीलाच एक पोलीस त्याला प्रश्न विचारतो, भराभर, एकावर एक. क्रिस्टोफर सांगतो की त्याचा काका पावाच्या कारखान्यात कामाला आहे, तिथलं स्लाइस पाडायचं मशीन कधी कधी मागे पडतं, पाव मात्र येतच राहतात आणि सगळं तुंबतं, तसं डोक्यात प्रश्नांचं होतं. मग तो गवतावर कपाळ टेकून कण्हत बसतो, पोलीस दंड धरून उठवायला जातो आणि हा पोलिसाला मारतो. रस्त्यावरून बघणाऱ्याला काय दिसणार, पोलिसावर हात उचलणारा पोरगा. आपल्याला मात्र ते पाव दिसतायत, आपल्याच डोक्यात साठलेत, आणि खरं सांगते, मला तो हात उचलणं अगदी बरोबर वाटलं!

हे आपल्याकडे नव्हतं असं नाही हं. जयवंत दळवींचं 'नातीगोती' आठवा, घरात मतिमंद मुलगा, तेव्हाचा शब्द तोच, आणि त्याच्या आईबापांची फरफट. मी नाटकात रडले, पण आईबापांसाठी रडले. मुलाला आतून काय वाटत असेल असा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. हॅडनने गोष्ट सांगायचं कामच मुलाकडे दिलं आणि कथेत ऑटिझम (मेंदूची घडणच वेगळी असणं) किंवा त्याचाच प्रकार मानला जाणारा ॲस्पर्जर, यातला एकही शब्द वापरला नाही, त्यामुळे "अरेरे बिचारा" म्हणायला आपल्याला जागाच मिळत नाही.

पुढे हा एकटा ट्रेनने लंडनला जातो. पॅडिंग्टन स्टेशनवर पाट्याच पाट्या, आणि पुस्तकाच्या पानावर त्या सगळ्या पाट्यांचे शब्द एकमेकांत घुसून गिचमिड झालेले, वाचताच येत नाही. त्या पानाशी मी थांबले. दादरचा पूल, अनाउन्समेंट, फेरीवाले, ढकलाढकली, आणि ती आई त्याला हात का लावत नव्हती ते कळलं. हात लावला असता तर अजून वाढलं असतं.

गोष्टी वाचून माणूस दुसऱ्याचं मन ओळखायला शिकतो का? 2013 साली 'सायन्स' या जर्नलमध्ये एक अभ्यास आला, म्हणे थोडा वेळ साहित्यिक कथा वाचली तरी फरक पडतो. मग इतरांनी तोच प्रयोग परत केला तर तसं काही नीट निघेना. मला यात नवल वाटत नाही. चार पानं वाचून माणूस बदलत असता तर आमच्या वाचनालयाच्या मीटिंगमध्ये भांडणं झाली नसती.

आणि शब्द बघा, ऑटिझमला आपण म्हणतो स्वमग्नता. म्हणजे तो स्वतःत मग्न, आणि आपण काय जगाची काळजी वाहतोय? डेमियन मिल्टन, हे ब्रिटिश संशोधक स्वतः ऑटिस्टिक आहेत, यांनी 2012 मध्ये मांडलं की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं, ऑटिस्टिक माणसांना आपण कळत नाही तसे तेही आपल्याला कळत नाहीत. त्या दिवशी पुलावर जास्त स्वमग्न कोण होतं, तो की कल्याण फास्टवाली मी?

आता पुस्तकाची तक्रार. आमच्याकडे एक मेंबर येतो, कॉलेजचं वय, स्वतः स्पेक्ट्रमवर आहे, म्हणजे ऑटिस्टिक. त्याला मी मोठ्या कौतुकाने हे पुस्तक दिलं. चार दिवसांनी परत केलं. म्हणाला, "काकू, पोलिसाचं बरोबर आहे. पण हा गणितात हुशार का? मला दहावीला गणितात काठावर पास केलंय. हे पुस्तक वाचलेले लोक मला गुणाकार विचारतात." मी हसले, तो हसला नाही, तो तक्रार सांगत होता. मग विचारलं, "गणित न येणाऱ्याचं आहे का एखादं? मराठीत?"

कपाट दोनदा धुंडाळलं, नाही सापडलं. तो दर शनिवारी साडेपाचला येतो आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारतो. तुमच्यापैकी कुणाला असं पुस्तक माहीत असेल तर शनिवारच्या आत कळवा.