खव्याच्या करंजीचे पोषणमूल्य

श्रोतेहो, नमस्कार.

कुंदा या खव्याच्या मिठाईमुळे बेळगावकरांना खव्याची चव काही वेगळी सांगावी लागत नाही. तोच खवा करंजीत भरला की तिचे पोषणमूल्य किती होते, ते आज पाहू.

इटलीतील सिसिली बेटावर कनोली नावाचा तळलेला गोड पदार्थ करतात आणि त्यात रिकोटा हे मऊ, पांढरे चीज भरतात. रिकोटा आणि खवा दोन्ही दुधाचेच, पण घडण अगदी निराळी. चीज काढल्यावर उरलेली निवळी पुन्हा तापवून रिकोटा मिळवतात, त्यात सुमारे 70 टक्के पाणी राहते. खवा करताना मात्र दूध फाडत नाहीत, गाळतही नाहीत. ते कढईत आटवून केवळ पाणी घालवतात, त्यामुळे स्निग्धांश, प्रथिने, कॅल्शियम आणि दुधातील मूळची साखरही त्यातच साचते. म्हशीच्या दुधाच्या 100 ग्रॅम खव्यात सुमारे 420 कॅलरी, 31 ग्रॅम स्निग्धांश, 14 ग्रॅमहून अधिक प्रथिने आणि 650 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच रिकोटात कॅलरी याच्या निम्म्याहूनही कमी.

आता एका मध्यम करंजीचा हिशेब मांडू. मैदा 20 ग्रॅम, खवा 15 ग्रॅम, साखर 10 ग्रॅम आणि तळताना मुरलेले तूप, मोहनासह, 7 ग्रॅम धरले, तर सुमारे 235 कॅलरी होतात, म्हणजे 70 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीइतक्या. भाकरीतला चोथा मात्र करंजीत जवळपास नसतो. प्रथिने साधारण 4 ग्रॅम, आणि कॅल्शियम 100 मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढ माणसाच्या रोजच्या 1000 मिलिग्रॅम गरजेचा दहावा भाग. यातील कॅल्शियम जवळजवळ सगळे खव्याचे. म्हणून ‘खवा जड’ असे म्हणून त्याच्यावर खापर फोडणे मला पटत नाही. या हिशेबात 7 ग्रॅम तूप आणि 15 ग्रॅम खवा, दोघांच्याही कॅलरी 63 च्या आसपास भरतात, आणि तूप कॅल्शियम काही देत नाही.

बेकरीतली भाजलेली करंजी हलकी असते, हाही समज नेहमी खरा नसतो, कारण पापुद्रे सुटावेत म्हणून मैद्यात भरपूर लोणी किंवा वनस्पती तूप लाटलेले असते. घरी मात्र एक सोपी तजवीज होते: खव्याला स्वतःची गोडी असल्याने सारणातली साखर निम्मी केली, तरी वेलची-जायफळाच्या आधाराने ती उणीव फारशी जाणवत नाही. मधुमेह असलेल्यांनी मात्र दुधाची साखर आणि मैदा दोन्ही तसेच राहतात, हे ध्यानात घेऊन करंजी जेवणानंतर जादा न घेता तेवढी पोळी किंवा भात कमी करून घ्यावी.